दोन टेबलांतला मजकूर जुळत नाही तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एका यादीत गावाचे नाव आहे, दुसऱ्या यादीतही तेच नाव आहे, पण जॉइन लावला, म्हणजे समान मूल्यावरून दोन टेबलांच्या ओळी जोडल्या, की निम्म्या ओळी गायब होतात. सरकारी कचेरी, पतसंस्था, शाळा, दवाखाना, दूध संघ अशा कुठल्याही ठिकाणी मराठी नोंदी जोडणाऱ्याला हा अनुभव येतो. इंग्रजीतल्या बहुतेक मार्गदर्शनात स्पेस आणि कॅपिटल अक्षरांची चर्चा असते, देवनागरीच्या स्वतःच्या अडचणी मात्र राहून जातात. म्हणून इथे त्यांना जास्त जागा दिली आहे.

दोन्ही टेबलांत ‘पुणे’ स्पष्ट दिसते, तरी ओळ जुळत नाही. सुरुवात कुठून करू?

क्वेरी बदलण्याआधी डेटा बघा. नक्की जुळायलाच हवी अशी एकच ओळ निवडा आणि दोन्ही टेबलांतल्या मूल्यांची लांबी दोन प्रकारे मोजा: अक्षरचिन्हांत आणि बाइटमध्ये. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ‘कॅरॅक्टर लेंग्थ’ चिन्हे मोजते आणि ‘लेंग्थ’ बाइट मोजते. पोस्टग्रेसमध्ये ‘लेंग्थ’ चिन्हे देते, ‘ऑक्टेट लेंग्थ’ बाइट देते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘लेन’ आणि ‘डेटालेंग्थ’ ही जोडी आहे, पण ‘लेन’ शेवटच्या स्पेस मोजत नाही, त्यामुळे तिथे ‘डेटालेंग्थ’वरच भरवसा ठेवा.

‘पुणे’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने चार चिन्हे आहेत: प, उकार, ण आणि मात्रा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मजकूर बाइटमध्ये साठवण्याच्या सर्वात रूढ पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, म्हणून १२ बाइट दिसायला हवेत. एसक्यूएल सर्व्हरच्या एनव्हारचार, म्हणजे युनिकोड मजकुराच्या, कॉलममध्ये ते ८ दिसतील.

आता यूटीएफ-८ मधल्या आकड्यांवरून निदान करता येते. ५ चिन्हे आणि १३ बाइट आले तर साधी स्पेस, टॅब किंवा एंटरचे चिन्ह जास्तीचे आहे. ५ चिन्हे आणि १४ बाइट आले तर बहुधा न तुटणारी स्पेस आहे. ५ चिन्हे आणि १५ बाइट आले तर शून्य रुंदीचे एखादे अदृश्य चिन्ह मध्ये किंवा शेवटी बसले आहे. लांबी दोन्हीकडे सारखी असूनही जुळत नसेल तर एकेका चिन्हाचा युनिकोड क्रमांक काढा. त्यासाठी मायएसक्यूएलमध्ये ‘हेक्स’ (ते क्रमांकाऐवजी साठवलेले बाइट दाखवते), एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘युनिकोड’ आणि यूटीएफ-८ वर चालणाऱ्या पोस्टग्रेसमध्ये ‘ॲस्की’ हे फंक्शन आहे. शेवटची दोन फंक्शन्स फक्त पहिल्या चिन्हाचा क्रमांक देतात, म्हणून ‘सबस्ट्रिंग’ने एकेक चिन्ह पुढे सरकावे लागते.

हे पाच मिनिटांचे काम आहे आणि ते टाळले की पुढचा अख्खा दिवस अंदाज बांधण्यात जातो.

हजारो ओळींपैकी नेमक्या कोणत्या जुळल्या नाहीत ते कसे काढू?

लेफ्ट जॉइन लावा. त्यात डाव्या टेबलच्या सगळ्या ओळी राहतात आणि जुळले नाही तिथे उजवी बाजू नल, म्हणजे रिकामी, येते. उजव्या टेबलची किल्ली (ज्या कॉलमवर जोडतो तो) नल असलेल्या ओळी वेगळ्या करा. मग ती यादी नावानुसार गटात बांधून प्रत्येक नाव किती वेळा आले ते मोजा आणि उतरत्या क्रमाने लावा. बहुतेक वेळा मोजकीच नावे वारंवार येत असतात. ती आधी सुटली की उरलेले काम आवाक्यात येते. हीच तपासणी टेबलांची बाजू उलटवूनही करा. डावीकडचे ‘वडगांव’ आणि उजवीकडचे ‘वडगाव’ दोन्ही न जुळलेल्या याद्यांत समोरासमोर आले की कारण वेगळे शोधावे लागत नाही.

एक खबरदारी घ्या. लेफ्ट जॉइन लावूनही न जुळलेल्या ओळी दिसत नसतील तर ‘व्हेअर’मध्ये उजव्या टेबलच्या कॉलमवर अट घातली आहे का ते पाहा. ती अट नल ओळींना गाळून टाकते आणि लेफ्ट जॉइनचा इनर जॉइन, म्हणजे फक्त जुळलेल्या ओळी देणारा जॉइन, होऊन जातो. ती अट ‘ऑन’च्या भागात न्या.

दोन्ही बाजूंना ट्रिम लावले, तरी फरक पडला नाही. का?

ट्रिम साधारणपणे फक्त साधी स्पेस काढते, म्हणजे क्रमांक ३२ चे चिन्ह, आणि तेही फक्त सुरुवातीचे व शेवटचे. वेबपानावरून किंवा वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची न तुटणारी स्पेस येते. डोळ्यांना ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण ट्रिम तिला हात लावत नाही. टॅब म्हणजे ९, नव्या ओळीचे चिन्ह १० आणि कॅरेज रिटर्न १३, हीसुद्धा तशीच राहतात.

विंडोजवर तयार झालेल्या सीएसव्ही फाइलमध्ये प्रत्येक ओळ १३ आणि १० या जोडीने संपते. फाइल वाचणाऱ्या आज्ञेने ओळ फक्त १० वर तोडली तर १३ शेवटच्या कॉलमला चिकटून आत येते. बाकी सगळे कॉलम जुळतात आणि शेवटचा कॉलम कधीच जुळत नाही, असे झाले की हेच कारण आधी तपासा. पहिल्या ओळीचा पहिला कॉलमच तेवढा जुळत नसेल तर फाइलच्या सुरुवातीचे ६५२७९ क्रमांकाचे अदृश्य चिन्ह नावाला किंवा कॉलमच्या शीर्षकाला चिकटले असणार.

उपाय ठरलेला आहे: आधी ‘रिप्लेस’ने १६०, ९, १० आणि १३ यांच्या जागी साधी स्पेस ठेवा, लागोपाठच्या दोन-तीन स्पेसची एक करा आणि ट्रिम सगळ्यात शेवटी लावा. क्रम उलटला तर नवीन तयार झालेल्या स्पेस टोकाला तशाच राहतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘ट्रिम’ हे फंक्शन २०१७ च्या आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीत ‘एलट्रिम’ आणि ‘आरट्रिम’ एकत्र वापरावे लागतात.

शेवटची स्पेस एका सर्व्हरवर चालते, दुसऱ्यावर चालत नाही, असे कसे?

कारण प्रत्येक डेटाबेसचा नियम वेगळा आहे. एसक्यूएल सर्व्हर ‘बरोबर’ने तुलना करताना शेवटच्या स्पेस दुर्लक्षित करतो, पण ‘लाइक’च्या नमुन्यात शेवटी स्पेस असेल तर ती मोजतो. मायएसक्यूएलमध्ये हे कोलेशनवर, म्हणजे कॉलमला लावलेल्या तुलनेच्या नियमांवर, ठरते. जुनी कोलेशन्स शेवटची स्पेस सोडून देत होती, ८.० पासून आपोआप लागू होणारे कोलेशन ती मोजते. म्हणून ५.७ वरून ८ वर जाताना टेबलांचे कोलेशनही बदलले तर कालपर्यंत चालणारा जॉइन अचानक कमी ओळी देऊ शकतो. ओरॅकलमध्ये ठरावीक लांबीचा ‘चार’ कॉलम स्पेसने भरलेला असतो आणि तो ‘व्हारचार२’ कॉलमशी जोडला की त्या स्पेस मोजल्या जातात, त्यामुळे तिथे ‘चार’च्या बाजूला ‘आरट्रिम’ हवे.

‘कऱ्हाड’, ‘गोऱ्हे’, ‘कुऱ्हाडे’ अशीच नावे नेमकी जुळत नाहीत. हा काय प्रकार आहे?

ही खास मराठीची अडचण आहे आणि मराठी नावांच्या जुळणीत सर्वात चिवट हीच आहे. या नावांतला अर्धा ऱ, ज्याला अनेक जण चंद्रकोरीसारखा र म्हणतात, संगणकात तीन वेगवेगळ्या प्रकारे साठवला जातो आणि तिन्ही प्रकार पडद्यावर सहसा हुबेहूब सारखे दिसतात.

पहिला प्रकार: ऱ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक २३५३, आणि त्यापुढे हलन्त, क्रमांक २३८१. इनस्क्रिप्ट कळफलकावर या ऱ ला स्वतःची जागा आहे, त्यामुळे तिथून टंकलेले नाव असे साठते. दुसरा प्रकार: साधा र, २३५२, मग हलन्त, मग ८२०५ क्रमांकाचे शून्य रुंदीचे जोडचिन्ह. उच्चारावरून लिहिणाऱ्या काही कळफलकांतून आणि जुन्या मजकुराच्या रूपांतरातून हा प्रकार येतो. तिसरा प्रकार: साधा र, त्याखाली २३६४ क्रमांकाचा नुक्ता (अक्षराखालचे टिंब) आणि मग हलन्त.

पहिल्या प्रकारात ‘कऱ्हाड’ ६ चिन्हांचे आणि १८ बाइटचे होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात ते ७ चिन्हांचे आणि २१ बाइटचे होते. म्हणजे या दोघांत फक्त लांबी मोजून फरक कळत नाही, क्रमांकच पाहावे लागतात. ज्यांना हे अक्षर टंकता येत नाही ते साधा र आणि हलन्त देऊन पुढे जातात, मग ह वर रफार येतो. हा चौथा प्रकार निदान डोळ्यांना तरी दिसतो.

ऱ हे मराठीचे हक्काचे अक्षर आहे. एखाद्या आडनावातला ऱ संगणकाला ओळखता आला नाही म्हणून त्या माणसाचे नाव यादीतून गळावे, हे मान्य करण्याजोगे नाही. जुळणीसाठी एकच रूप ठरवा. पहिला प्रकार सर्वात सरळ आहे. ‘र, हलन्त, ८२०५’ आणि ‘र, नुक्ता, हलन्त’ या दोन्ही क्रमांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवा. हे झाल्यानंतरच उरलेली ८२०५ आणि ८२०४ क्रमांकाची चिन्हे काढा. आधीच सगळी अदृश्य चिन्हे पुसलीत तर दुसऱ्या प्रकारातला अर्धा ऱ रफार होऊन बसतो आणि मूळ काय होते ते कळायला मार्ग उरत नाही.

काही कोलेशन्स तुलना करताना जोडचिन्ह मोजतच नाहीत. म्हणून एखाद्या सर्व्हरवर पहिला प्रकार जुळत नाही, पण ‘जोडचिन्हासह’ आणि ‘जोडचिन्हाविना’ अशी दोन रूपे मात्र बरोबर ठरतात. असे दिसले तर गोंधळू नका. दोन सर्व्हरांत फरक आहे एवढीच नोंद घ्या आणि वरच्याप्रमाणे रूप पक्के करा.

आणखी कोणती देवनागरी चिन्हे अशी फसवतात?

सर्वात जास्त सापडणारे म्हणजे ॲ. ‘ॲड.’ किंवा ‘ॲग्रो’ यांतला ॲ हे २४१८ क्रमांकाचे एक अक्षर आहे, पण ते युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र देत, आणि चंद्र नीट बसावा म्हणून मध्ये ८२०५ चे जोडचिन्ह घालत. ती सवय आणि तो मजकूर दोन्ही अजून आहेत. वकिलांच्या किंवा कृषी कंपन्यांच्या यादीत तिन्ही रूपे शेजारी शेजारी सापडतात.

विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन हेही फार आढळते. ‘दुःख’, ‘निःशुल्क’, ‘अंतःकरण’ या शब्दांत विसर्गाचा क्रमांक २३०७ आहे, कोलनचा ५८. काही फाँटमध्ये दोन्ही इतके सारखे दिसतात की छापील प्रतीतही फरक कळत नाही.

आ, ओ, औ ही अक्षरे कोणी अ ला काना-मात्रा जोडून लिहिली तरी तशीच दिसू शकतात, पण साठवण वेगळी असते. हिंदी नावे मिसळली असतील तर ड़ आणि ढ़ एकेरी अक्षर म्हणून आणि नुक्त्यासह असे दोन्ही तऱ्हेने येतात.

‘गाव’ आणि ‘गांव’, ‘बुद्रुक’ आणि ‘बुद्रूक’, ‘पाटिल’ आणि ‘पाटील’ हा मात्र वेगळा विषय आहे. तिथे लेखनच वेगळे आहे, संगणकाची चूक नाही. त्याबद्दल खाली.

युनिकोडचे नॉर्मलायझेशन केले की हे सगळे सुटते का?

नॉर्मलायझेशन म्हणजे एकच अक्षर लिहिण्याचे युनिकोडने समान मानलेले प्रकार एका ठरलेल्या रूपात आणणे. त्याने काही सुटते, सगळे नाही. एनएफसी हे रूप वापरले तर र आणि नुक्ता यांचा ऱ होतो, म्हणजे तिसरा प्रकार पहिल्यात मिळतो. ड़ आणि ढ़ च्या बाबतीत एनएफसी उलट, एकेरी अक्षर मोडून अक्षर व नुक्ता असे दोन भाग करते, पण दोन्हीकडे तेच होत असल्याने जुळणी साधते.

जोडचिन्ह असलेला र, अ आणि चंद्र यांची जोडी, अ ला काना, कोलनचा विसर्ग, यांतले काहीही नॉर्मलायझेशन बदलत नाही, कारण युनिकोडच्या लेखी ती भिन्न मजकूर-रूपे आहेत. ते बदल तुम्हालाच रिप्लेसने करावे लागतात. पोस्टग्रेसमध्ये ‘नॉर्मलाइज’ फंक्शन १३ व्या आवृत्तीपासून आहे. मायएसक्यूएलमध्ये असे तयार फंक्शन नाही, तिथे डेटा आत घेण्यापूर्वी पायथनसारख्या भाषेत हे काम उरकून घेणे सोपे पडते.

एका टेबलात नावांच्या जागी फक्त प्रश्नचिन्हे आहेत. काही करता येईल का?

प्रश्नचिन्हे खरोखर साठली असतील तर मूळ अक्षरे गेली. मूळ फाइल शोधून पुन्हा भरणे एवढाच मार्ग आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये हे दोन कारणांनी होते: कॉलम साधा व्हारचार (युनिकोड नसलेला मजकूर) आहे, किंवा कॉलम एनव्हारचार असूनही क्वेरीत लिहिलेल्या मराठी मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी इंग्रजी एन लावलेला नाही. दुसरे कारण जॉइनपेक्षा ‘व्हेअर’च्या अटीत जास्त छळते. टेबलात नाव नीट असते, पण अटीतले नाव सर्व्हरपर्यंत पोचेतो त्याची प्रश्नचिन्हे झालेली असतात आणि शून्य ओळी येतात.

प्रश्नचिन्हांऐवजी टोप्या-टिंबे असलेली रोमन अक्षरे दिसत असतील तर आशा आहे. यूटीएफ-८ चे बाइट कोणीतरी दुसऱ्या संकेतप्रणालीत वाचले आहेत आणि ते बऱ्याचदा परत फिरवता येते. आणि निरर्थक रोमन अक्षरे व चिन्हे दिसत असतील तर तो बहुधा कृतीदेव, शिवाजी किंवा श्रीलिपी अशा जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर आहे. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, जॉइनचे नंतर बघू.

‘कोलेशन’वरून त्रुटी येते आणि क्वेरी चालतच नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ही ४६८ क्रमांकाची त्रुटी, मायएसक्यूएलमध्ये १२६७ क्रमांकाची. दोन कॉलमांचे तुलनेचे नियम वेगळे आहेत आणि कोणते लावायचे हे सर्व्हरला ठरवता येत नाही. तात्पुरता उपाय म्हणून तुलनेच्या एका बाजूला ‘कोलेट’ लिहून दुसऱ्या बाजूचे कोलेशन द्या. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तात्पुरते टेबल टेम्पडीबी या सर्व्हरच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये बनते आणि सर्व्हरचे कोलेशन घेते, तुमच्या डेटाबेसचे नाही. तिथे मजकुराचे कॉलम बनवतानाच ‘डेटाबेस डिफॉल्ट’ असे कोलेशन दिले की प्रश्न मिटतो. कायमचा उपाय म्हणजे कॉलमचेच कोलेशन बदलणे.

रोमन लिपीतल्या नावांत कॅपिटल आणि लहान अक्षरांचा फरकही कोलेशनवरच अवलंबून असतो. मायएसक्यूएलचे मूळ कोलेशन हा फरक मानत नाही, पोस्टग्रेस मानतो. एकावरून दुसऱ्यावर आलेल्या क्वेरींत म्हणूनच ओळी कमी होतात. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही बाजूंना ‘लोअर’ लावा. देवनागरीला याची गरज नाही.

खाते क्रमांक, गट क्रमांक, आयएफएससी असे आकड्यांचे कॉलम का जुळत नाहीत?

कारण ते आकडे नसून मजकूर आहे, आणि वाटेत कुठेतरी कोणीतरी त्यांना आकडे समजले. हे बहुधा एक्सेलमध्ये होते. खाते क्रमांकाच्या आधीची शून्ये तिथे उडतात. १५ अंकांपुढचा प्रत्येक अंक शून्य होतो, आणि हे नुकसान फाइल जतन झाल्यावर परत भरून येत नाही. ‘३/४’ असा गट किंवा हिस्सा क्रमांक इंग्रजी अंकांत लिहिला तर एक्सेल त्याची तारीख करते. हा त्रास आपल्यापुरताच नाही. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने एक्सेल तारखा करते म्हणून काही जनुकांची नावेच बदलली आणि २०२० मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. म्हणून फाइल उघडण्याआधीच त्या कॉलमचा प्रकार ‘टेक्स्ट’ ठेवा आणि डेटाबेसमध्येही तो व्हारचारच ठेवा.

देवनागरी अंकांचे वेगळेच. ‘१२’ देवनागरीत आणि तोच आकडा इंग्रजी अंकांत, हे डेटाबेसला दोन भिन्न मजकूर वाटतात. सातबाराच्या नोंदींत दोन्ही मिसळलेले सापडतात. पोस्टग्रेस, ओरॅकल आणि २०१७ पासूनच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘ट्रान्सलेट’ हे फंक्शन दहाही अंक एका फटक्यात बदलते. मायएसक्यूएलमध्ये ते नाही, दहा रिप्लेस एकात एक घालावे लागतात.

मायएसक्यूएलमध्ये आणखी एक धोका आहे. मजकुराचा कॉलम आकड्याच्या कॉलमशी जोडला तर तो दोघांनाही दशांश संख्या करून तोलतो. देवनागरी अंक त्याला वाचता येत नाहीत, त्यांचे शून्य होते. समोरच्या टेबलात एखाद्या ओळीत शून्य असेल तर ती ओळ अशा सगळ्या नोंदींना चिकटते. इंग्रजी अंकांत १२ ने सुरू होऊन पुढे अक्षर असलेला मजकूरही १२ या आकड्याशी जुळतो. पोस्टग्रेस अशी तुलना थेट नाकारतो, एसक्यूएल सर्व्हर मजकुराचा आकडा करू पाहतो आणि जमले नाही तर २४५ क्रमांकाची त्रुटी देतो. त्रुटी येणे बरे, गुपचूप चुकीचे जुळणे वाईट.

आयएफएससी ११ चिन्हांचा असतो आणि त्यातले पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. हाताने भरलेल्या अर्जांत तिथे इंग्रजी ओ हे अक्षर हमखास सापडते. पाचव्या जागी ओ असलेल्या ओळी वेगळ्या काढा, निम्मे काम तिथेच होते.

नेमके जुळत नाही म्हणून ‘लाइक’ आणि दोन्ही बाजूंना टक्केचिन्ह लावले. चालेल का?

तपासणीसाठी चालेल, अहवालासाठी नाही. ‘खेड’ असा नमुना ‘खेडगाव’लाही जुळेल आणि ‘नांदखेड’लाही. ज्या ओळीत नाव रिकामे आहे तिचा नमुना नुसती दोन टक्केचिन्हे होतो आणि ती ओळ समोरच्या प्रत्येक नावाला जुळते. डेटात अधोरेखा किंवा टक्केचिन्ह असेल तर तेही नमुन्याचा भाग बनते, ‘एस्केप’ दिल्याशिवाय. शिवाय असा जॉइन इंडेक्स (ओळी झटपट शोधण्याची सूची) वापरत नाही, त्यामुळे मोठ्या टेबलांवर तो संपायची वाट पाहत बसावे लागते.

जुळणी झाली, पण ओळी वाढल्या आणि बेरीज फुगली.

उजव्या टेबलात तेच नाव एकाहून जास्त वेळा आहे. खेड तालुका पुणे जिल्ह्यात आहे आणि रत्नागिरीतही. कर्जत रायगडमध्ये आहे आणि अहिल्यानगरमध्येही. आष्टी बीडमध्ये आणि वर्ध्यात, मालेगाव नाशिकमध्ये आणि वाशिममध्ये, कळंब धाराशिवमध्ये आणि यवतमाळमध्ये. फक्त तालुक्याच्या नावावर जोडले की खेडच्या प्रत्येक लाभार्थ्याच्या दोन ओळी होतात. ‘डिस्टिंक्ट’ लावून हे झाकू नका, त्याने चुकीची ओळही कधी कधी टिकते. जिल्हा आणि तालुका मिळून जोडा. जॉइन करण्यापूर्वी उजव्या टेबलात किल्ली एकमेव आहे का, हे गट बांधून मोजण्याची सवय लावून घ्या.

रिकाम्या नोंदींचे काय?

नल कशाशीही बरोबर नसतो, दुसऱ्या नलशीसुद्धा नाही. दोन्हीकडचे रिकामे जुळवायचेच असतील तर पोस्टग्रेसमध्ये आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ मध्ये ‘इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम’ आहे. ओरॅकल रिकाम्या मजकुरालाही नलच मानतो. ‘नॉट इन’च्या आतल्या यादीत एक जरी नल आला तर एकही ओळ येत नाही, तिथे ‘नॉट एक्झिस्ट्स’ वापरा.

गावांची आणि जिल्ह्यांची नावेच बदलली आहेत किंवा वेगवेगळी लिहिली आहेत. कसे जोडू?

शक्य असेल तिथे नावावर जोडूच नका. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत राज्य, जिल्हा, तालुका, गाव, ग्रामपंचायत यांना सांकेतांक आहेत. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा अंकी क्रमांक आहे. दोन्ही याद्यांत यांपैकी कोणताही क्रमांक असेल तर तोच वापरा. दोन्हीकडे एकच पद्धत आहे ना, एवढे मात्र पाहा.

क्रमांक नसेल तर जुळणीचे वेगळे टेबल करा: एका कॉलममध्ये सापडलेले नाव, दुसऱ्यात ठरवलेले प्रमाण नाव किंवा सांकेतांक, तिसऱ्यात ते कोणी आणि कधी ठरवले. ‘वडगाव बु.’, ‘वडगांव (बु)’, ‘वडगाव बुद्रूक’ अशा तिन्ही नोंदी त्यात एकाच क्रमांकाकडे जातात. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. जुन्या वर्षांच्या याद्या जोडताना ही नावे याच टेबलात येतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. तिथे नुसते नाव बदलून भागत नाही, वसई, डहाणू, जव्हार असे तालुकेच दुसऱ्या जिल्ह्याखाली गेले आहेत, म्हणून त्या टेबलात तालुक्याची आणि कालावधीची नोंदही लागते.

अंदाजे जुळणी करणारी फंक्शन्स वापरावीत का?

सुचवण्यासाठी जरूर वापरा, ठरवण्यासाठी नको. साउंडेक्स इंग्रजी नावांच्या उच्चारासाठी बनले, देवनागरीला ते निरुपयोगी आहे. लेव्हेनस्टाइन अंतर दोन शब्दांत किती चिन्हे बदलावी लागतात ते मोजते. ‘गाव’ आणि ‘गांव’ यांत ते १ येते, पण ‘वाडा’ आणि ‘वाडी’ यांतही १ येते, आणि ती दोन वेगळी गावे असू शकतात. उलट ‘बु.’ आणि ‘बुद्रुक’ एकच असूनही अंतर मोठे येते. पोस्टग्रेसचे ट्रायग्राम एक्स्टेंशन (तीन-तीन चिन्हांच्या तुकड्यांवरून साम्य मोजणारे) लांब नावांवर बरे काम करते, त्यात साम्याची मूळ मर्यादा ०.३ आहे. देवनागरीत छोट्या नावांसाठी ती फार सैल पडते, वाढवून पाहा.

या फंक्शनने काढलेल्या जोड्या त्या भागाची माहिती असलेल्या माणसासमोर ठेवा. तलाठी, ग्रामसेवक, शाळेतले लिपिक अशी माणसे ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ कधी चुकवत नाहीत. त्यांनी मान्य केलेली जोडी जुळणीच्या टेबलात जाते. अनुदान, शिष्यवृत्ती, पीकविमा अशा कामात संगणकाने परस्पर जुळवलेले नाव म्हणजे एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जाण्याची शक्यता असते.

सगळे जुळले, पण इतकी फंक्शन्स लावल्यावर क्वेरी फार हळू चालते.

जॉइनच्या अटीत कॉलमभोवती फंक्शन आले की त्या कॉलमचा साधा इंडेक्स उपयोगी पडत नाही. शुद्ध केलेले रूप वेगळ्या कॉलममध्ये एकदाच साठवा आणि त्यावर इंडेक्स बांधा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी पर्सिस्टेड कॉम्प्युटेड कॉलम आहे, मायएसक्यूएलमध्ये ५.७ पासून जनरेटेड कॉलम, पोस्टग्रेसमध्ये फंक्शनवरच इंडेक्स बांधता येतो. शुद्धीकरणाचे नियम एकाच ठिकाणी राहतात, हा याचा दुसरा फायदा. प्रत्येक अहवालात वेगळे रिप्लेस लिहिले की दोन अहवालांचे आकडे कधीच एक येत नाहीत.

मग मूळ नावाचा कॉलमच दुरुस्त करून टाकू का?

नको. जुळणीचा कॉलम वेगळा ठेवा आणि मूळ नाव आले तसे राहू द्या. ‘पाटिल’ लिहिणाऱ्याच्या सगळ्या कागदपत्रांवर तसेच असेल, त्याचे ‘पाटील’ करण्याचा अधिकार आपल्याला नाही. अदृश्य स्पेस, कॅरेज रिटर्न, फाइलच्या सुरुवातीचे चिन्ह एवढाच कचरा मूळ कॉलममधून काढायला हरकत नाही, तोही बॅकअप घेऊन आणि आधी किती ओळी बदलणार ते ‘सिलेक्ट’ने मोजून. पुढच्या महिन्याची फाइल आली की हेच नियम तिच्यावर आत घेतानाच चालवा आणि न जुळलेल्या नावांची यादी पाठवणाऱ्या कार्यालयाला त्याच दिवशी परत द्या.